नळाला गरम, गीझरला गार

मे महिना सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत लोक विचारतात, चिरोट्याला पापुद्रे का सुटत नाहीत. आता विचारतात, काकू, गार नळ सोडला तर हात का भाजतो. मी १९९८ साली चिपळूणहून दुबईत, करामामध्ये, राहायला आले तेव्हा उकाड्याचं मला काय सांगता, अशा तोऱ्यात आले होते. पहिल्याच जूनमध्ये भर दुपारी पालक धुवायला घेतला. नळाखाली धरला आणि जुडी हातातल्या हातात मऊ पडली. तोरा तिथंच उतरला.

या महिन्यातली पत्रं बहुतेक उन्हाळ्याचीच आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा. पुण्याहून तीन महिन्यांसाठी दुबईला मुलाकडे आलो आहे. गेली चाळीस वर्षं बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करतो. इथं दोन्ही नळांना कढत पाणी. मुलगा म्हणतो, सवय होईल. मला सवय करून घ्यायची नाही. उपाय सांगा. आणि इथं माठ चालेल का?

उत्तर : काका, सवय होत नाही. मला इतक्या वर्षांत झालेली नाही. इथल्या पुष्कळ इमारतींच्या टाक्या गच्चीवर असतात. दिवसा ४२-४४ अंशांत त्या तापतात आणि रात्रीही हवा ३० च्या खाली फारशी उतरत नाही, त्यामुळे टाकीला निवायला सवडच मिळत नाही. काही इमारतींत टाकीचं पाणी गार करायचं यंत्र बसवलेलं असतं. तुमच्याकडे ते नाही, हे तुमच्या अक्षरातल्या रागावरून कळलं.

उपाय इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, पण नव्या माणसाला सांगितला तर तो हसतो. गीझर बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. बऱ्याच फ्लॅटमध्ये गीझर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेला असतो, म्हणजे एसी लावलेल्या घरातच. वीज बंद असली की तो म्हणजे घरात झाकून ठेवलेला पन्नास लिटरचा हंडा. रात्रभरात आतलं पाणी घरातल्या हवेइतकं निवतं. सकाळी लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्या खुणेच्या नळाला गरम! आमच्याकडे मेअखेर ते ऑक्टोबर गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असते. पाहुणा आला आणि त्यानं सवयीनं बटण दाबलं, की सगळ्या घराची अंघोळ बिघडते.

मात्र ते पन्नास लिटर संपले की मागून टाकीतलं तापलेलंच पाणी येतं. म्हणून नंबर पहिला लावा. निवृत्त माणसाला ते अवघड नाही. आठवड्यातून एकदा गीझर पूर्ण तापवून ते पाणी वाहून जाऊ द्या, कारण कोमट पाणी साठून राहिलं की त्यात जंतू वाढतात. नव्या टॉवरांत सगळ्या इमारतीला मिळून एकच गरम पाण्याची सोय असते, तिथं ही युक्ती चालत नाही. तिथं रात्री बादल्या भरून बाथरूमचं दार उघडं टाकायचं. लहान मूल घरात असेल तर मात्र भरलेली बादली आणि उघडं दार, दोन्ही नको. एवढं सगळं करून पुण्याच्या जानेवारीतलं पाणी मिळेल अशी आशा धरू नका. मार्चमधलं मिळेल.

माठ जरूर घ्या, पण बाल्कनीत ठेवू नका. जूनमध्ये हवा कोरडी असते तोवर तिथंही तो पाझरून गार होतो. ऑगस्टमध्ये समुद्रावरची दमट हवा आली की पाझरलेलं पाणी उडतच नाही, माठ नुसता घाम येऊन बसल्यासारखा बसतो. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते, तिथं तो बारा महिने काम देतो. खाली ताटली ठेवा. सूनबाईंच्या लाकडी टेबलावर कडं उमटलं तर माझं नाव सांगू नका.

प्रश्न : लग्न होऊन मार्चमध्ये शारजाला आले. दोन कॉटनच्या कुर्त्या मशीनमध्ये 'थंड' वर लावूनही आटल्या आणि तिसरीचा रंग नवऱ्याच्या शर्टाला लागला. शिवाय बाल्कनीत कपडे घालू नका असं वॉचमन सांगून गेला. मग कपडे वाळवायचे कुठं?

उत्तर : अगं, मशीनला बिचारीला काय कळणार? 'थंड' म्हणजे तिनं स्वतः पाणी तापवायचं नाही, एवढंच. नळातूनच तापलेलं आलं तर ती ते गार कुठून करणार? उन्हाळाभर रंग जाणारे कपडे वेगळे काढून ठेव. ते रात्री घरात भरून ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यात हातानं धुवायचे. बाकीचं मशीन पहाटे लाव. टाकी त्यातल्या त्यात तेव्हा निवलेली असते.

आता बाल्कनी. कठड्यावर किंवा रस्त्यावरून दिसतील असे कपडे टाकणं इथल्या पालिकांना चालत नाही, दंडही होऊ शकतो. तू अंधेरीची आहेस असं लिहिलंयस, तेव्हा खिडकीबाहेर काठ्यांवर फडकणारी धुणी बघत वाढली असशील. ती सवय सोडायची. कठड्याच्या उंचीपेक्षा खाली राहील असा दुमडता स्टँड घे, तो आत भिंतीलगत ठेव. जूनमध्ये चादर तासाभरात खडखडीत वाळते. वाळली की लगेच काढायची, विसरायचं नाही. इथलं ऊन कपडा वाळवून झालं तरी थांबत नाही, मग रंग खायला लागतं. सगळं उलटं करून घाल. अंतर्वस्त्रं आणि लेगिंग्ज घरातच वाळव, उन्हात इलॅस्टिकचा जीव जातो.

चिमट्यांचं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. प्लास्टिकचे रंगीत चिमटे एक उन्हाळा बाहेर राहिले की वरून धडधाकट दिसतात. दाबले की बोटांत बिस्किटासारखे मोडतात, आणि स्प्रिंग उडून गालाला लागते. लाकडी घे.

सप्टेंबरमध्ये वेगळीच गंमत. रात्री दहा वाजता बाहेर टाकलेलं पातळ सकाळी जास्त ओलं झालेलं असतं. तेव्हा कपडे घरात, एसीच्या झोतासमोर.

जाता जाता : धुण्याचा वार मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा बदललाय. आले तेव्हा सरकारी सुटी फक्त शुक्रवारी होती, १९९९ मध्ये गुरुवार-शुक्रवार झाली, २००६ मध्ये शुक्रवार-शनिवार, २०२२ पासून शनिवार-रविवार. तुमच्या शारजात तर शुक्रवारही सुटीचा. तीन वार धुवायला मिळतात, तक्रार कसली करतेस!

प्रश्न : अबुधाबीत दोन वर्षं आहे. घरात दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही. बाल्कनीत ठेवलं तर तीन तासांत आंबट ढाण, वासही येतो. बाजारचंच आणावं का?

उत्तर : बाजारचं आणायला माझी ना नाही, पण त्या दह्याची कढी काही खरी होत नाही.

इथल्या घराला एकाच वेळी दोन ऋतू असतात. दाराच्या आत महाबळेश्वर, दाराच्या बाहेर चंद्रपूर. कुठलं काम कुठल्या गावात करायचं, एवढंच शिकायचं असतं. दह्याला दोन्ही गावं मानवत नाहीत. त्याला लागतं आपलं साधं घर, म्हणजे तीसेक अंश आणि वारा नाही. ते तुमच्याकडे आहे, तुम्ही तिथं बेकिंगचे ट्रे कोंबून ठेवलेत. बंद ओव्हन! एसीचा गारठा आत शिरत नाही आणि बाहेरचा वणवाही नाही. दूध कोमट करून विरजायचं, भांडं ओव्हनमध्ये ठेवून दार लावायचं. मी शेजारी एक वाटी गरम पाणी ठेवते. पाच-सहा तासांत लागतं. ओव्हनच्या बटणाजवळ 'आत दही आहे' अशी चिठ्ठी लावा. मी लावायला लागले त्यामागे मुलीचा पिझ्झा, एक प्लास्टिकचा डबा आणि बराच धूर आहे.

पिठाचंही तसंच. वाटताना बर्फाचं पाणी घाला, कारण मिक्सरमध्येच पीठ इतकं तापतं की आंबायला ठेवण्याआधीच त्याची दमछाक झालेली असते. मीठ सकाळी घाला. भांडं निम्मंच भरा. उरलेलं पीठ फुगल्याबरोबर फ्रिजमध्ये. इथं 'थोड्या वेळानं ठेवते' याला अर्थ नाही.

बाल्कनीतल्या चंद्रपूरचा उपयोग कुरडया आणि साबुदाण्याच्या चकल्यांना. एप्रिलमध्ये एका दिवसात वाळतात. वर जुनी ओढणी ताणून बांधा, नाहीतर वाळवंटाची चव लागते. पापड मात्र उन्हात नको, चिरा पडतात. ते आत पंख्याखाली.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये मुलांच्या शाळा बंद असतात तेव्हा सहा आठवडे नाशिकला जातो. घर कसं सोडावं? एसी पूर्ण बंद करून जाणं बरं, असं हे म्हणतात. (दुबई)

उत्तर : आमचे 'हे' पण तसंच म्हणाले होते. २००४ चा ऑगस्ट. बिलाच्या बाबतीत माणूस चोख. निघताना मेन स्विचच पाडला आणि विमानात बसून किती दिरहम वाचले याचा हिशेब केला.

सहा आठवड्यांनी दार उघडलं तर माझ्या माहेरच्या माजघराचा वास आला, आषाढातला. पाऊस एक थेंब नाही आणि चपलांवर हिरवी बुरशी. सोफ्याच्या पाठीवर पांढरे ठिपके. कपाट उघडलं. आईची पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवली होती, पदरावरच्या एका मोराच्या मानेवर रुपयाएवढा डाग. ड्रायक्लीनरकडे दोनदा दिली. डाग फिकट झाला, गेला नाही. अजून ती साडी नेसताना मी पदर असा घेते की तो मोर आतल्या घडीत जातो. आणि बाथरूममध्ये झुरळांचं संमेलन भरलं होतं, ते वेगळंच.

ऑगस्टमधली हवा ओलीनं भरलेली असते. घर बंद, हवा हलत नाही, त्यात उष्मा. बुरशीला आणखी काय हवं? एसी घर गार तर करतोच, पण हवेतलं पाणीही काढून घेतो. म्हणून बंद करू नका. २७-२८ वर ठेवा आणि पंखा 'ऑटो'वर. पंखा सतत चालू राहिला तर कॉइलवर जमलेलं पाणी तो पुन्हा घरात उडवतो. निघायच्या आठवड्यात फिल्टर धुवा आणि पाणी जायची नळी साफ करून घ्या. ती तुंबली की पाणी छतातून खाली उतरतं आणि तुम्ही तेव्हा नाशिकला.

बिलाचं म्हणाल तर, दुबईच्या वीज-पाणी खात्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप आपण मराठी माणसं हमखास 'देवा' असं उच्चारतो, आणि बिल उघडताना तेच तोंडातून येतं. पण तिथला दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिल्या २००० युनिटांना युनिटमागे २३ फिल्स (शंभर फिल्सचा एक दिरहम), त्यापुढे जास्त, वर इंधनाचा अधिभार. तुम्ही घरात नसताना २८ वर चालणारा एसी बहुधा पहिल्याच टप्प्यात राहील. भाड्याच्या ५ टक्के जी घरपट्टी त्या बिलातून महिन्याच्या महिन्याला जाते, ती तुम्ही घरी असा की नाशिकच्या मिसळीवर, जाणारच. तेव्हा ह्यांना सांगा, बचतीला दुसरी जागा शोधा. पैठणी सांभाळा.

आणि हे विसरू नका : पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. कमोडच्या मागची लवचिक नळी कधी फुटेल सांगता येत नाही, आणि ती फुटायला नेमकी सुट्टी शोधते. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडंतेल सोडा. जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी असतं तोवर गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. सहा आठवड्यांत ते पाणी उडून जातं, तेलाचा थर त्याला उडू देत नाही. हे मला आमच्या इमारतीच्या मलबारी प्लंबरनं सांगितलं, झुरळांच्या संमेलनानंतर. कपाटांची दारं किलकिली ठेवा. रवा भाजून आणि कणीक, डाळी, तांदूळ जेवढे मावतील तेवढे फ्रीजरमध्ये. बाहेर राहिलेल्या तांदळात पोरकिडे होणारच, मग नशिबाला बोल लावायचा नाही. बॉडी स्प्रे, लायटर, पॉवर बँक यातलं काही पार्किंगमधल्या गाडीत राहिलंय का, तेही बघून घ्या.

प्रश्न : दिवाळीच्या अनारशांसाठी येताना खसखस आणू का?

उत्तर : नाही. थोडीशीही नाही, पुडीतही नाही, सामानात विसरलेलीही नाही. अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि विमानतळावर 'अनारसे' हा शब्द कुणाला समजावणार? तीळ लावा. आमच्या घरातल्या मुलांना अनारसा तिळाचाच असतो असं वाटतं. औषधांचंही तसंच, आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांना इथं आधी परवानगी लागते. निघण्यापूर्वी तपासा आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा.

प्रश्न : भारतातला मिक्सर इथं चालेल का? इथल्या मिक्सरला ओल्या खोबऱ्याची चटणी जमत नाही.

उत्तर : चालेल. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. भोकं तेवढी चौकोनी. स्वस्तातला अडॅप्टर लावून साडेसातशे वॅटचा मिक्सर फिरवू नका, वितळलेला अडॅप्टर मी पाहिलाय. इलेक्ट्रिशियनकडून तीन चौकोनी पायांची, आत फ्यूज असलेली पिन बसवून घ्या. चटणीबद्दल सहमत.

प्रश्न : दुपारी अडीच वाजता खालच्या ग्रोसरीतून कोथिंबीर आणि दूध मागवलं. मुलगा पाऊण तासानं आला. कोथिंबीर मलूल, दूध कोमट. वर हसत होता. तक्रार कुठं करायची?

उत्तर : माझ्याकडे केलीत, तेवढी पुरे.

बाई, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात कामगारांना राबवायचं नाही असा इथला कायदा आहे. तुमच्या सायकलवाल्या मुलाला त्या वेळेत कुणी बसवून ठेवत नाही, कारण तुम्ही फोन करता. मीही करायचे. आमच्या गल्लीतला ग्रोसरीवाला मलबारी, मला चेची, म्हणजे ताई, म्हणतो, एका लिंबासाठीसुद्धा माणूस पाठवतो, आणि महिन्याचा हिशेब वहीत. अशी सोय आपल्याला चिपळुणात नाही आणि तुमच्या ठाण्यातही नव्हती. तिची इतकी सवय होते की घड्याळ बघायचं राहून जातं. एकदा भर दुपारी दार उघडलं तर त्या मुलानं पिशवी माझ्या हातात दिली आणि दोन्ही तळवे आमच्या दाराबाहेरच्या गार फरशीवर टेकवून खाली बसला. सायकलची मूठ तापली होती.

तेव्हापासून आमच्याकडे दुपारची कोथिंबीर बंद. सकाळी नऊच्या आत किंवा मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाल्यावर. मधे संपली तर भाजी कोथिंबिरीशिवाय. तो हसत होता म्हणता? पुढच्या वेळी हसायच्या आधी त्याच्या हातात फ्रिजमधली पाण्याची बाटली ठेवा.

प्रश्न : गेल्या महिन्यात तुम्ही लिहिलंत की कढीपत्त्याला ऊन लागतं, बाल्कनीत ठेवा. ठेवला. आठ दिवसांत काड्या झाल्या. (दोहा)

उत्तर : चूक माझी. मी ते मार्चमध्ये लिहिलं, अंक मेमध्ये निघाला, आणि त्या दोन महिन्यांत ऊन बदललं हे लिहायचं राहिलं. मात्र एक विचारते : पाणी कुठलं घातलंत? बाल्कनीतल्या नळाला पाइप लावून घातलं असेल तर ऊन निर्दोष आहे. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, मुळं शिजतात. माझी पहिली तुळस अशीच गेली.

काड्या टाकू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून वरचं छाटा, कुंडी आत आणा, रात्री भरून ठेवलेलं पाणी संध्याकाळी घाला. मूळ जिवंत असेल तर तीनेक आठवड्यांत फुटवा दिसेल. नसेल तर नवीन रोप ऑक्टोबरपर्यंत आणू नका. माझा कढीपत्ता सध्या बेडरूमच्या पूर्वेकडच्या खिडकीत आहे. त्याला सकाळचं ऊन मिळावं म्हणून मी पडदा लावू देत नाही, आणि आमचे 'हे' सुटीच्या दिवशी सकाळी सहाला डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतात.